टोपलीतला हातचा

तिसरीच्या वर्गाला हातच्याची वजाबाकी शिकवता शिकवता कुंदाबाईंनी खडूचे दोन डबे संपवले. पण वर्सोव्याची पोरं ती, ऐकतायत कसली! "हातचा म्हणजे कुणाच्या हातचा, बाई?" शकु दर वेळी विचारायची आणि सगळा वर्ग खिदळायचा.

शेवटी बाईंनी अर्जांवर अर्ज करून खात्याकडून टीव्ही आणि व्हिडिओ मिळवला. सोबत एकच कॅसेट आली, तीही बेरजेची. आता बोला! कार्टूनमधल्या होडीतून एकेक पापलेट उडी मारायचं, दहा जमली की टुणकन टोपलीत. पोरं खूश, पण हेडमास्तर मोहिते फुरंगटले.

"शाळेत सिनेमा! शुक्रवारी तपासणीला साहेब येतायत. एका तरी पोराला वजाबाकी आली पाहिजे, नाहीतर हे धूड गोवंडीच्या शाळेत जाईल."



बुधवारी कॅसेट उलटी फिरवताना घाईत त्यांनी चालू चित्रावरच बटण दाबलं. किर्रर्र करत चित्रं मागे पळाली. टोपली फुटली, दहा पापलेटं सुटी झाली, एकेक परत होडीत गेलं.

"बाई, टोपली फुटली!" शकु बाकावर उभी राहिली. "सुटे कमी पडले की टोपली फोडायची. हाच का तो हातचा?"

"हाच गं बये, हाच!" बाईंना तिला उचलून घ्यावंसं वाटलं. त्यांनी तोच तुकडा पाचदा उलटा फिरवला.

शुक्रवारी साहेब वर्गात आले आणि वीज गेली. वाट लागली, बाई मनात म्हणाल्या. साहेबांनी फळ्यावर बत्तीस वजा अठरा लिहिलं. शकु पुढे झाली.

"दोनातून आठ जात नाहीत, साहेब. मग..." तोंडाने किर्रर्र करत तिने तिनावर काट मारून दोन लिहिले. "एक टोपली फुटली, बारा सुटे झाले. आठ गेले, चार उरले. दोन टोपल्यांतली एक गेली. चौदा!"

"शाब्बास! पण हातचा कुठंय?"

"हातात कशाला, साहेब? टोपलीत होता."

मोहितेसरांनी संधी साधली. "बघा साहेब, विजेशिवायच येतंय. मग सेट गोवंडीला नेलेलाच बरा."

बाईंचं तोंड एवढंसं झालं. शकु खडू धरून तिथेच उभी होती.

"न्या की, सर. पण भागाकार झाल्यावर!"

साहेब खो खो हसले. "मोहिते, सेट इथेच राहू दे. भागाकाराची कॅसेट मी पाठवतो."