ग्राहकाची चूक

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकतो. गाईंचं दूध काढायची मशीनं बसवत आणि दुरुस्त करत बारा वर्षं बारामती-इंदापूर पालथं घातलंय. कुणी फोनवर "मशीन चालंना" म्हणालं की माझं पहिलं वाक्य ठरलेलं, "पुस्तक वाचलं का?" खरं सांगायचं तर मशीनसोबत येणारं ते माहितीचं पुस्तक मी स्वतःही कधी पुरतं वाचलं नव्हतं. इंग्रजीवरनं कुणीतरी ओढूनताणून मराठी केलेलं, वाचणाऱ्याचं डोकं उठावं असं.

मंगळवारी राजेश्वरी मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. त्या आमच्या साहेब. टेबलावर माझे सर्व्हिस रिपोर्ट मांडलेले.

"अविराज, तुमच्याइतकं स्वच्छ कुणीच लिहीत नाही. एकदा वाचलं की कळतं, काय झालं आणि कुणामुळं झालं. आपल्या मशीनांची पुस्तकं नव्यानं लिहायचीत. फिरती सोडा, इथं टेबलावर बसा. शनिवारपर्यंत सांगा."

मोटारसायकलवर माझ्या कमरेचा पार भुगा झालाय. खरं तर उडी मारून हो म्हणायला पाहिजे होतं. पण मॅडमच्या हातात सगळ्यात वर जो रिपोर्ट होता, तो कळंबच्या ठमाबाईंचा होता. "बघतो," म्हणालो आणि निसटलो.

झालं होतं असं. फेब्रुवारीत ठमाबाईंच्या गोठ्यात मी मशीन बसवलं. पोचलो तेव्हा दुपारचे बारा, म्हणजे सकाळच्या धारा कधीच होऊन गेलेल्या. अशा वेळी संध्याकाळपर्यंत थांबून गाईवर दाखवायचं, हा आमचा नियम. पण भिगवणला दोस्तमंडळी माशाच्या जेवणाला खोळंबली होती. मग काय! ठमाबाईंचे मालक सोपानराव आणि शेजारचे चार बाप्ये खुर्च्यांवर, हातात चहा, आणि मी मशीन चालू करून गाईच्या सडाला लावायचा कप माझ्याच अंगठ्याला लावला. "बघा, वासरू पितं तसं ओढतंय." मग तसाच उपसून काढला. पुक्क! सगळे हसले. मीही हसलो.

खरं म्हणजे कप काढायच्या आधी नळीवरचा कॉक फिरवून मशीनची ओढ बंद करायची असते. मग कप आपोआप सुटतो. ते सांगायचं राहिलं. रोज धार काढणारी बाई, म्हणजे ठमाबाई, दाराच्या चौकटीत उभी होती. तिच्याकडं मी बघितलंसुद्धा नाही.

दोन महिन्यांत एका गाईचा सड सुजला आणि कायमचा बंद पडला. डॉक्टर म्हणाले, कप हिसकून काढल्यानं झालं. मी गेलो आणि ठमाबाईंवर खेकसलो, "असा ओढतात व्हय कप? पुस्तक कशाला दिलंय?" त्या नुसत्या माझ्या अंगठ्याकडं बघत राहिल्या.

मला तिथंच उमगलं होतं. उमगूनही गोठ्यातच बसून झोकात रिपोर्ट लिहिला. "मशीन सुस्थितीत. ठमाबाई यांनी ओढ चालू असताना कप ओढून काढले. ग्राहकाची चूक." एक प्रत त्यांच्या हातात दिली. भरपाईला कंपनीनं हात वर केले आणि मी सुटलो.

शुक्रवारी राहवेना. संध्याकाळच्या धारेला कळंबला गेलो. मशीनवर पोतं टाकलेलं आणि ठमाबाई हातानं धार काढत होत्या. तीन सडांची गाय ती.

"साहेब, मशीन न्यायला आलाय व्हय?"

"नाही मावशी. त्या दिवशी मी अंगठ्यावरचा कप ओढून काढला, ते बघूनच तुम्ही..."

"व्हय. तुमी केलं तसंच केलं. रोज मनात म्हणायची, पुक्क आवाज आला पायजे. आला की वाटायचं, जमलं बया!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. "मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"घरी आल्याल्या माणसाला तोंडावर काय म्हणायचं?"

त्या उठल्या, हात धुतले, आणि खुंटीच्या पिशवीतनं माझा रिपोर्ट काढला. मी आपलं धरून चाललो होतो की बाईंना अक्षरओळख नसणार. त्यांनी पदरानं चष्मा पुसला आणि ओळींवर बोट फिरवत सगळा रिपोर्ट वाचून दाखवला. पार "ग्राहकाची चूक"पर्यंत. एकदाही अडखळल्या नाहीत.

"सातवी शिकलीया मी," त्या म्हणाल्या. "त्ये पुस्तक चारदा वाचलं, काय बी उमगलं न्हाय. ह्ये एकदाच वाचलं, समदं समजलं. साहेब, असं सोपं लिवता येत हुतं, तर आदीच का न्हाय लिवलं?"

मी पालथ्या बादलीवर बसलो आणि नवा रिपोर्ट लिहिला. "कप ओढून काढायला मीच दाखवलं. कॉकचं सांगितलं नाही. चूक माझी. अविराज." फोटो काढून मॅडमना पाठवला. खाली लिहिलं, हे वाचूनही पुस्तकं मलाच द्यायची असतील, तर लिहितो.

उत्तर आलं नाही. पोतं काढलं, मशीन धुतलं. दुसऱ्या गाईला ठमाबाईंनी स्वतःच्या हातानं कप लावले आणि मी पहिल्यांदाच नुसता शेजारी उभा राहून बघितलं. दूध संपलं. "आता कॉक फिरवा," म्हणालो. त्यांनी फिरवला. कप अलगद त्यांच्या हातात आले.

ठमाबाई कान देऊन थांबल्या. मग घाबऱ्याघुबऱ्या माझ्याकडं वळल्या.

"साहेब, आवाज न्हाय आला. चुकलं का माझं?"

"नाही मावशी," मी म्हणालो. मान काही वर उचलेना. "तुमचं नाही चुकलं."