उणे वीसचं लेबल

आर्डिस दुकानाच्या मधोमध जमिनीवर उताणी पडली होती. स्लीपिंग बॅगची झिप तिने हनुवटीपर्यंत ओढून घेतली होती, फक्त तोंड तेवढं बाहेर होतं. बंदुकांच्या कपाटापाशी उभी असलेली दोन गिऱ्हाइकं हसू दाबत तिच्याकडे बघत होती.

"मेलीस की काय?" रँडलने विचारलं.

"पाय ताणून बघतेय. गप्प बस जरा."

तिने तळपाय ताणले, कूस बदलली, गुडघे पोटाशी घेतले आणि मग बाहेर आली. बॅग उलटी करून तिने पायाकडचा भाग खिडकीच्या उजेडासमोर धरला. उजेड कुठूनही आरपार आला नाही. मुठीने एक कप्पा दाबून सोडला, तर खळगा श्वास घेतल्यासारखा भरून आला.

"ही चालेल," ती मर्लला म्हणाली. "पण मोठ्या मापाची काढ. माझी बोटं टोकाला टेकतात, पाहुणे तर माझ्याहून वीतभर उंच असतात. बोटं टेकली की पिसं दबतात, आणि दबलेल्या पिसांत ऊब राहत नाही. लेबलावर थंडीचा काय आकडा आहे?"

"उणे वीस."

"म्हणजे शून्यापर्यंत झोप लागेल. त्याच्या खाली नुसता जीव राहील."

मर्ल हसला. दुकान त्याचं होतं, वय सत्तरीचं, आणि मोंटानाच्या त्या खोऱ्यात त्याच्याइतका शिकारीचा माल कुणी विकला नव्हता. पण स्लीपिंग बॅगची गोष्ट निघाली की तोही आर्डिसकडे बघायचा. एकोणीस वर्षं ती एल्क हरणांच्या शिकारीच्या कॅम्पवर, पैसे भरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी स्वयंपाक करत होती. सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत तंबूत राहायचं, पहाटे चूल पेटवायची, बारा-पंधरा माणसांचं करायचं आणि दुपारी ऊन पडलं की सगळ्यांच्या बॅगा दोरीवर उलट्या टाकायच्या. रात्रभरच्या श्वासाची ओल पिसांत उतरते, ती सुकली नाही तर चौथ्या दिवशी बॅगेचा गोळा होतो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. कॅम्प आधी म्हाताऱ्या हार्लनचा होता. तो गेल्यावर त्याच्या जावयाकडे, या रँडलकडे आला.

"सहा काढ मोठ्या मापाच्या," रँडल मर्लला म्हणाला. "पाहुण्यांपुरत्या."

"आणि आपल्या माणसांना?" आर्डिसने विचारलं.

"त्यांना गेल्या वर्षीच्या आहेत की." त्याने काउंटरवर आणून ठेवलेल्या बॅगेवर थाप मारली. हिरवं कापड, छातीवर आणि पायाशी पिवळ्या दोऱ्याने कॅम्पचं नाव भरलेलं. "ही नमुन्याला आणलीये. नव्यांवरही असंच नाव भरून हवंय."

"रँडल, त्या बॅगेत गारठून ओरिनची बोटं गेली."

"ओरिनची बोटं कशाने गेली ते सगळ्या गावाला माहीत आहे," तो म्हणाला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि बोलत बोलत तो बाहेर गाडीकडे गेला.

आर्डिस मर्लकडे वळली. "काय माहीत आहे गावाला?"

मर्ल रजिस्टर चाळायला लागला.

"मर्ल, मी तुझ्याशी बोलतेय."

"आता मला कशाला विचारतेस बाई?" तो म्हणाला. "जूनमध्ये ओरिन आला होता. खोगिरं दुरुस्त करायचं काम मागत होता. मी देणारही होतो. पण माझी बायको म्हणाली, प्यायलेला माणूस आरी-सुया घेऊन दुकानात नको. मी म्हटलं, चौदा वर्षं तो थेंबाला शिवलेला नाही. तर म्हणाली, मग आर्डिसने लिहून कसं दिलं?"

"मी? मी काय लिहून दिलं?"

"त्याच्या तंबूत बाटली बघितलीस, तोंडाला वास येत होता म्हणून. विम्याच्या कागदावर. तुझी सही आहे ना खाली?"



सही तिचीच होती. गेल्या नोव्हेंबरात, इस्पितळाच्या आवारात, रँडलच्या गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून तिने ती केली होती. बर्फ भुरभुरत होतं. आत डॉक्टर ओरिनच्या डाव्या पायाची चार बोटं कापत होते. "तू त्या दिवशी कॅम्पवर होतीस एवढंच लिहिलंय," रँडल म्हणाला होता. तिचे डोळे भरून आले होते, चष्मा खिशात होता, आणि हार्लनच्या काळापासून ती समोर येईल त्या कागदावर सही करत आली होती.

ओरिन खेचरांचा तांडा सांभाळायचा. त्या दिवशी वरच्या कॅम्पवर दोन पाहुण्यांबरोबर वादळात अडकला. चुलीचा तंबू त्याने पाहुण्यांना दिला आणि आपण लहान तंबूत, त्या हिरव्या बॅगेत झोपला. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना आणि सहा खेचरांना घेऊन नऊ मैल उतरून तो खाली आला, तेव्हा आर्डिसनेच त्याचे बूट कापून काढले होते. तिचं नाक त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर होतं. वास होता तो ओल्या लोकरीचा आणि खेचरांचा.

त्यानंतर ओरिन तिच्याशी बोललाच नव्हता. तिने दोनदा रस्सा करून नेला, दार उघडलं नाही. दुखण्याने माणूस तुसडा झाला असेल, असं समजून ती गप्प बसली होती. दहा महिने.

रँडल आत आला. "हं, झालं का?"

"मी वास आला म्हणून लिहून दिलं?"

त्याने मर्लकडे एकदा पाहिलं. "हे बघ आर्डिस, इथे नको."

"इथेच. बोल."

"विमावाल्यांना काहीतरी कारण लागतं. चूक कॅम्पची निघाली असती तर परवाना गेला असता. तुझंही काम गेलं असतं, सगळ्यांचंच गेलं असतं. ओरिनला काय, त्याचं नाव आधीपासूनच तसं आहे."

"होतं! चौदा वर्षांपूर्वी होतं! दर गुरुवारी चर्चच्या तळघरात, दारू सोडलेल्यांच्या बैठकीला जाऊन बसत होता तो. खुर्च्या लावत होता, कॉफी करत होता. आणि तू माझ्या हाताने—"

  पट्ट्याला लावलेला सोलायचा सुरा तिने काढला. गिऱ्हाइकं मागे सरकली. मर्ल म्हणाला, "आर्डिस, अगं!" पण तिने ती हिरवी बॅग पुढे ओढली आणि पायाकडून छातीपर्यंत एका दमात फाडली.

चांगल्या बॅगेतली पिसं बाहेर पडली की धुरासारखी वर चढतात, झाडून संपत नाहीत. यातून काहीच उडालं नाही. राखाडी चुरा काउंटरवर ढेकळासारखा पडला. कोंबड्यांची कातरलेली पिसं, काड्यांसकट, ओल धरून एकमेकांना चिकटलेली. पायाकडचे दोन कप्पे तर रिकामेच होते. सगळं घसरून पाठीच्या बाजूला गोळा झालं होतं, आणि जिथे पिवळ्या दोऱ्याने नाव भरलं होतं, तिथे सुईच्या भोकांची रांग उजेडात चाळणीसारखी दिसत होती.

"मर्ल, ये इकडे. तुम्ही दोघंही या. हात घाला यात. उणे वीस लिहिलंय यावर. या चुऱ्यात माणूस झोपवला याने, आणि वर त्यालाच दारुडा ठरवला."

गिऱ्हाइकांतल्या एकाने खरंच तो चुरा बोटांनी चिवडून पाहिला आणि हात पँटला पुसला.

"तू या वर्षी येऊ नकोस," रँडल म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "यापुढे कधीच येऊ नकोस."

"तुझ्या कॅम्पवर थुंकायलाही येणार नाही मी."

तिथून ती थेट ओरिनकडे गेली. गावाबाहेर नदीकाठी त्याचं चाकांवरचं घर होतं. तो पायरीवर बसून लगामाचा पट्टा शिवत होता. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकंही त्याच रात्रीच्या थंडीत गेली होती, म्हणून सुई दातांत धरून ओढत होता. गाडीतून ती उतरली, तरी त्याने मान वर केली नाही.

"ओरिन, मला आज कळलं."

"काय?"

"त्या कागदाचं. मी तो वाचलाच नव्हता रे."

त्याने सुई तोंडातून काढली. "मला डिसेंबरात टपालाने आला. मी वाचला. चार वेळा वाचला."

"मग मला विचारायचं तरी होतंस."

"मी विचारायचं?" तो उठून उभा राहिला, तोल गेला, दाराची चौकट धरली. "एकोणीस वर्षं बघतोय मी तुला. मीठ चाखल्याशिवाय पातेलं चुलीवरून उतरवत नाहीस. पाहुण्याने आणलेलं मांस हुंगल्याशिवाय हातात घेत नाहीस. आणि माझं नाव लिहिलेला कागद तुला वाचावासा वाटला नाही?"

"चष्मा..."

"चष्म्याचं सांगू नकोस मला! दुसरं कुणी असतं तर मी म्हटलं असतं, रँडलने विकत घेतलं. पण तू होतीस. माझ्या पोरीने फोन करून विचारलं, बाबा, पुन्हा सुरू केलीत का? मी नाही म्हटलं. ती म्हणाली, पण आर्डिसने लिहिलंय. तुझं नाव होतं म्हणून तिने माझ्यावर विश्वास ठेवला नाही."

आर्डिस तिथेच उभी राहिली. आपल्यालाही ओरडता येईल, असं तिला वाटत होतं. रँडलवर, विमावाल्यांवर, त्या लेबलावर, कुणावरही. पण ओरडायला जागाच उरली नव्हती.

"जा आता," ओरिन म्हणाला आणि पुन्हा सुई दातांत धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मा लावून ती जिल्ह्याच्या कचेरीत विम्याच्या खिडकीवर गेली. जुना जबाब मागून घेतला आणि खुर्चीवर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग नवा लिहायला घेतला. दारूचा वास नव्हता. बाटली नव्हती. बॅग कशी होती, आत काय निघालं, कोणापुढे निघालं. शेवटी लिहिलं, पहिल्या जबाबावर मी न वाचता सही केली, आणि तो खोटा आहे.

खिडकीमागची बाई म्हणाली, "मॅडम, हे शेवटचं वाक्य ठेवलंत तर तुमच्यावरही खटला होऊ शकतो. वरचं सगळं पुरेसं आहे, हे खोडलंत तरी चालेल."

"राहू दे ते," आर्डिस म्हणाली. "तेच आधी लिहायला हवं होतं."

खटला झाला नाही, पण चौकशी झाली. मर्लने आणि त्या दोन गिऱ्हाइकांनी जे पाहिलं ते सांगितलं. फेब्रुवारीत ओरिनच्या कागदावरून दारूचा उल्लेख काढला गेला. रँडलला दंड झाला आणि त्याने तो भरला. कॅम्प त्याचा चालूच राहिला. पाहुणे येतच होते, खोऱ्यातल्या बाकीच्या कॅम्पवाल्यांनी मात्र आर्डिसला बोलावलं नाही. मालकाविरुद्ध लिहून देणारी बाई कुणाला नको होती. मर्लने तिला दुकानात ठेवून घेतलं. ती प्रत्येक गिऱ्हाइकाला जमिनीवर झोपायला लावायची, लेबल झाकून विचारायची, "थंडीत तुमचे पाय गार पडतात का? घाम येतो का? खाली काय अंथरता?" उद्धट म्हणून तिची ख्याती झाली. स्वस्त मालाला हात लावणाऱ्याला ती इतकं बोलायची की मर्ल तिला आत पाठवायचा. राग तिचा गेला नव्हता. सकाळी आरशात बघतानाही तो असायचा.

मार्चच्या शेवटी एका शनिवारी ओरिन दुकानात आला. गर्दी होती. तो काठी न घेता, हळूहळू चालत बाकापर्यंत गेला आणि बसला.

"बूट हवेत," तो म्हणाला. "खालच्या कुरणावरच्या माणसाने खेचरांचं काम दिलंय."

"नंबर?"

"उजव्याचा दहा. डाव्याचं तू बघ."

त्याने स्वतःच डावा मोजा काढला. चार-पाच माणसांनी नजर वळवली. पाय पुढून अर्धवट होता, अंगठा तेवढा एकटा उरला होता. ओरिन कुणाकडे न बघता ताठ बसून राहिला.

आर्डिस त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. डाव्या बुटाच्या रिकाम्या टोकात तिने मेंढीची लोकर थोडी थोडी करून भरली, बोटाने दाबून पाहिली, थोडी काढली, पुन्हा भरली. मग त्याचा पाय उचलून आत घातला आणि नाड्या ओढल्या.

"मी अजून तुला माफ केलेलं नाही," ओरिन हळू आवाजात म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली. "लोकर टोचतेय का?"

त्याने पाय जमिनीवर टेकवला, भार दिला.

"नाही," तो म्हणाला. "आणखी घट्ट बांध."