रक्तवाल्या बाईंचा सत्कार

सत्कार माझा होता आणि मारामारीही मीच केली, हे आधीच सांगून टाकते. नंतर कोणी तिखटमीठ लावून सांगायला नको.

आमच्या शहरात दरवर्षी नगरभवनात, बाहेरून येऊन इथले नागरिक झालेल्या माणसांचा गौरव होतो. यंदा एक बसचालक होता, एक पूल बांधणारा इंजिनियर होता आणि मी, मांसाच्या कारखान्यात हाडं सोडवणारी बाई. माझं कर्तृत्व एवढंच, की कामावर एका पोरीच्या मांडीत सुरी गेली तेव्हा मी ती जखम मुठीनं दाबून धरली आणि पोरगी जगली. मग अग्निशामक दलानं बोलावलं, मग शाळांनी. रक्त कसं थांबवायचं ते शिकवत सुट्टीच्या दिवशी मी शहरभर फिरायला लागले. लोक मला रक्तवाल्या बाई म्हणतात. नाव चेटकिणीचं वाटतं, पण प्रेमानं म्हणतात, चालायचंच.

माझा पहिला धडा एकच: घुसलेली सुरी उपसायची नाही. तीच बुचासारखी रक्त अडवून बसलेली असते. शाळेतली पोरं झोपेतसुद्धा सांगतील. पण आमच्या धाकट्याला, म्हणजे माझ्या दिराला, ते ठाऊक नव्हतं. पिकतं तिथं विकत नाही. वहिनीच्या वर्गाला कोण जातंय? तोही आमच्याच कारखान्यात, माझ्या शेजारच्या टेबलावर. आणि कारखान्याचा नियम नेमका उलटा. मांसात सुरी रुतलेली दिसली की आधी ती काढायची आणि कमरेच्या म्यानात घालायची. मांस पट्ट्यावरून पुढं सरकतं, पुढचा माणूस न बघता हात घालतो आणि बोटं जातात. ही सवय अंगात इतकी मुरते की घरी पावात रुतलेली सुरीसुद्धा आम्हाला बघवत नाही.

धाकट्याची नागरिकत्वाची शपथ पुढच्या महिन्यात होती. आम्ही नवरा-बायको केव्हाच शपथ घेऊन मोकळे झालो होतो. हा मागाहून आला, आणि डोकं असं तापट की वकिलानं हात जोडले. मारामारीची एक तक्रार झाली तरी सगळं मुसळ केरात, याला परत पाठवतील. परत म्हणजे कुठं, तर जिथं माझ्या सासऱ्यांना घरातून ओढून काढून रस्त्यावर मारलं, तिथं. हा पोरगा मला पोटच्या मुलासारखा. म्हणून सत्काराच्या दिवशी सकाळी मी त्याचा कानच धरला.

"कोणी तोंडावर थुंकलं तरी पुसून घ्यायचं. हात खिशात."

"वहिनी, मी काय लहान आहे का?"

"लहान असतास तर बरं होतं. खाटेला बांधून ठेवलं असतं."

महापौरांनी माझ्या गळ्यात पदक घातलं आणि टाळ्या चालू असतानाच मागचं दार आपटलं. बोका आत आला. बोका हे टोपणनाव, माणूस आमच्याच कारखान्यातला, दारू पिऊन सुरी चालवायचा म्हणून हाकललेला. जन्मानं इथलाच, आजोबा-पणजोबांपासून इथला. त्याची जागा धाकट्याला मिळाली होती, आणि ते त्याच्या घशात हाडासारखं अडकलं होतं.

"हिचा सत्कार?" तो मधल्या वाटेनं चालत येत म्हणाला. "मग आम्ही काय मेलोय?"

त्याच्या हातात कामावरचीच सुरी होती, बारीक पात्याची. रोख माझ्याकडं होता. मी हललेसुद्धा नाही. पहिल्या रांगेतून माझा नवरा उठला. हा माणूस भाजीवाल्याशी घासाघीस करत नाही, आणि हा मधे जाऊन उभा राहिला. बोक्यानं सुरी त्याच्या मांडीत मुठीपर्यंत घातली. दोघं खुर्च्यांवर कोसळले. बोका आधी उठला आणि पडलेल्या माणसाच्या तोंडावर बूट हाणायला लागला. एक लाथ, आणखी एक. दात तुटल्याचा आवाज मला स्टेजवर ऐकू आला. बसचालकानं बोक्याच्या पाठीत खुर्ची घातली, बोक्यानं वळून त्याचं नाक फोडलं. लोक दाराकडं पळत एकमेकांना तुडवत होते.

तेवढ्यात धाकटा खुर्च्या ओलांडत पोचला. आणि सगळ्यात आधी त्यानं काय केलं असेल, तर भावाच्या मांडीतली सुरी उपसली. हात तसाच कमरेकडं गेला. तिथं म्यान नव्हतं, अंगावर सत्काराचे कपडे होते. रक्ताची चिळकांडी थेट स्टेजच्या पायरीवर आली.

मी उडी मारली आणि मूठ जखमेत घातली. गरम रक्त कोपरापर्यंत आलं. वर बघते तर धाकटा सुरी घेऊन उभा, आणि नजर बोक्यावर. ती नजर मी ओळखते, टेबलावर रोज बघते. शपथ, वकील, परत पाठवणं, काहीही त्याच्या कानात शिरणार नव्हतं.

"धाकट्या, माझा हात घसरतोय," मी म्हणाले. "तू दाब."

थाप होती. माझा हात आजवर घसरलेला नाही. पण सुरी खाली पडली आणि तो गुडघ्यांवर आला. मी त्याची मूठ जागेवर बसवली. "सगळं वजन टाक. हललास तर दादा गेला." झालं, खिळला तिथंच.

"आणि त्याला असाच सोडायचा?" तो रडत म्हणाला.

"मी आहे ना. मी इथली नागरिक आहे. मला कोण कुठं पाठवणार?"

बसचालकानं बोक्याला मागून कवेत धरलं होतं. म्हणजे मी थांबले असते तरी चाललं असतं. मी थांबले नाही. दिवसभर सांधे सोडवणारी बाई मी, जबडा कुठं अडकवलेला असतो ते मला शिकवायला नको. कोपर घातलं आणि तो निखळला. मग गुडघा घातला, मग खाली पडल्यावर त्याच्या सुरीच्या हातावर टाच दिली, बोटं मोडेपर्यंत. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. दोन पोलिसांनी मला उचलून बाजूला केलं तेव्हाही माझे पाय चालूच होते.

नवरा जगला. पाय मात्र मांडीपासून काढावा लागला. सुरी जागेवर राहिली असती तर कदाचित वाचला असता, असं डॉक्टर धाकट्यासमोरच बोलून गेला. माझ्यावर खटला भरला. नगरभवनाचा माणूस पदक परत मागायला आला, मान खाली घालून. मी देऊन टाकलं, त्या बिचाऱ्याचा काय दोष. आणि धाकट्याची शपथ ठरल्या दिवशी झाली, कारण त्याच्या नावावर एक ओरखडासुद्धा नव्हता. त्या दिवशी मी मनात म्हटलं, सगळं वसूल झालं.

शपथ घेऊन तो नव्या शर्टात घरी आला. सरळ स्वयंपाकघरात गेला आणि फळीवरून लांब सुरी घेतली.

"बोका जामिनावर सुटलाय, वहिनी. कोपऱ्यावरच उभा आहे."

"सुरी ठेव."

"का? आता मीही इथला नागरिक आहे. मला कोण कुठं पाठवणार?"

माझेच शब्द. मी त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. त्यानं ते सहज सोडवून घेतलं, मला न दुखवता. तो दाराकडं निघाला.

नवरा आतल्या खोलीतून आला. कुबड्यांची सवय नव्हती, दोनदा भिंतीला आदळला. दाराला पाठ लावून उभा राहिला.

"दादा, बाजूला हो. तुझा पाय माझ्यामुळं गेला."

आम्ही सगळे त्याला रोज सांगत होतो, नाही रे, तुझ्यामुळं नाही. नवऱ्यानं त्याच्याकडं बघितलं.

"हो," तो म्हणाला. "तुझ्यामुळंच गेला. आता भाऊसुद्धा नेतोस का माझा?"

धाकट्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. एका हातानं ढकललं असतं तरी तो माणूस पडला असता. मग त्यानं निसटलेली कुबडी भावाच्या काखेत नीट बसवली, सुरी माझ्या हातात दिली आणि दारापाशीच फरशीवर बसला. मग मी रडले. आधी एकदाही रडले नव्हते.