गेनबाचे सात झरे

येळवंडेवस्तीच्या गेनबाला खरं बोलता येत नव्हतं असं नाही. त्याला ते अपुरं वाटायचं. विहिरीत पाहिलेला बेडूक घरी पोचेस्तोवर रेड्याएवढा व्हायचा. चाकणच्या कंपनीत शिफ्टला निघालेली पोरंसुद्धा बसला वेळ असला की त्याच्या ओट्याशी थांबून म्हणायची, "तात्या, सोडा की एखादी!" आणि तात्या सोडायचा.

म्हणूनच माघात पुण्याच्या एका विद्यापीठाची आणि हॉलंडच्या एका विद्यापीठाची मिळून बारा पोरं वस्तीवर आली, गावातलं जुनं पाणी कोण सांगेल म्हणून विचारू लागली, तेव्हा सगळ्यांनी गेनबाचं घर दाखवलं. उपग्रहाच्या फोटोंवरून नकाशे करायचं शिक्षण ही दोन विद्यापीठं मिळून देत होती. वरून दिसत नाही ते गावाच्या तोंडून घ्यायचं, हा त्यातलाच धडा. नकाशा ग्रामपंचायतीला मिळणार होता, आणि त्यात जिथं झरा असेल तिथं भराव टाकायचा नाही असा ठराव झाला होता.

गेनबाला एकच झरा वाचवायचा होता, उंबराखालचा. शेजारची जमीन ट्रक उभे करायला गेली होती आणि भराव उंबरापर्यंत येणार होता. त्याची बायको शकू हिनं सून म्हणून आल्यापासून तीस वर्षं तिथलंच पाणी वाहिलं होतं.

"उंबराखाली झरा हाय," गेनबानं सांगितलं. पुण्याच्या तुकडीतल्या पुनमनं मोबाइलमधल्या फोटोवर ठिपका टाकला.

इथं थांबला असता तर! पण हॉलंडच्या मास्तरीणबाई, एल्के त्यांचं नाव, पुढं वाकून म्हणाल्या, "आणखी?" बारा तोंडं त्याच्याकडं वळली. शेजारचा मारुतराव डोळा मिचकावून बसलाच होता.

"आणखी? टेकडीच्या पोटात हाय की. आमची म्हैस सांजच्याला त्यात बसली, ती सकाळी आळंदीला इंद्रायणीत निघाली. वर दूध वाढलं ते निराळंच!"

पुनमनं इंग्रजीत सांगितलं. पोरं खिदळली, एल्केबाई मात्र गंभीर झाल्या. "म्हणजे जमिनीखालून प्रवाह?" ठिपका पडला. मग चहा उकळावा लागत नाही असा गरम झरा निघाला, मग सापानं राखलेला. आकडा सातावर गेला तेव्हा कुठं गेनबानं दम घेतला.

निघताना एल्केबाईंनी पुनमकरवी विचारलं, "घरातल्या बाईंशी बोलता येईल? पाणी त्याच भरत असतील ना?"

"तिला काय ठावं!" गेनबा हसला. "ती चुलीपासनं उठती कवा?"

आत भाकरी थापायचा आवाज थांबला. मग परत सुरू झाला.

चैत्रात पोरं जागेवर पडताळणी करायला आली. उन्हानं लाल झालेली पुनम ओट्यावर टेकली.

"आजोबा, सहा ठिकाणी नुसते दगड आहेत."

"उंबराखालचा खरा हाय, पोरी."

"तिथंही कोरडंच आहे."

"संक्रांतीनंतर आटतोच त्यो. पावसाळ्यापासनं पौषापर्यंत वाहतो."

पुनमनं मान खाली घातली. "आमचा नियम आहे. एका माणसाच्या निम्म्याहून जास्त खुणा चुकल्या तर त्याच्या सगळ्याच काढायच्या. दुसऱ्या कुणीतरी सांगितलं तर राहील."

"मारुतराव, सांग की रं!"

"आमाला काय ठावं, तात्या? आमी कवा हंडा घेऊन गेलो? का आता आमालाबी म्हशीवर बसवून आळंदीला धाडता?" मारुतरावाबरोबर सगळा ओटा हसला.

शकू त्या दिवशी लेकीकडं चऱ्होलीला होती. गेनबानं फोन काढला. लावला की ती सांगणार, अगदी दगडान् दगड सांगणार. पण मग 'तिला काय ठावं' हे त्याच चार लोकांसमोर परत गिळावं लागणार. त्यानं फोन खिशात ठेवला. संध्याकाळी पुनमनं सातही ठिपके पुसले.

ज्येष्ठात भराव पडला. उंबरही गेला.

दिवाळीनंतर पुनम पुन्हा आली. दोन्ही विद्यापीठांनी आता गेलेल्या पाण्याचा वेगळा नकाशा करायला घेतला होता, आणि या वेळी विचारायचं ते बायकांनाच. शकू हात पुसत उठली आणि थेट ट्रकतळाच्या तारेपर्यंत चालत गेली. गेनबा मागोमाग.

"त्यो निळा ट्रक हाय ना, त्याच्या खाली," शकू म्हणाली. "तीन पायऱ्या. खालच्या पायरीवर गुडघा टेकला की हंडा भरायचा. संक्रांतीला करंगळीएवढी धार राहायची. मग फडकं बुडवून पिळायचं."

पुनम लिहिता लिहिता थांबली. "आजी, तेव्हा का नाही सांगितलंत?"

"कुनी विचारलं मला?"

ती गेनबाकडं बघत नव्हती. बघितलं असतं तर बरं, असं त्याला वाटून गेलं.

पुनमनं लाल ठिपका टाकला. "आजोबा, तुम्हाला यात काही घालायचंय?"

गेनबाच्या जिभेवर चौथी पायरी तयार झाली होती, तिच्यावर एक कासवही येऊन बसलं होतं. त्यानं दोन्ही गिळली.

"न्हाई. ती म्हणती तेवढंच."

शकू तोवर घराच्या वाटेला लागली होती.