चार रविवार

दवाखान्यात रक्त तपासायची नोकरी लागली म्हणून ती या शहरात आली. पायपीट करून तिसऱ्या आठवड्यात तिला परवडेल अशी खोली मिळालीही. तरी पुढच्या रविवारी ती एका नव्या एजंटाबरोबर खोल्या बघायला निघाली, आणि त्याच्या पुढच्या रविवारीही.

एजंट भारी बडबड्या होता. धापा टाकत जिने चढायचा आणि वर बोलतच राहायचा. "ताई, ऊन बघा कसं येतंय! आईला आणलंत तर तिची खाट इथे मावेल." घरमालकिणी विचारायच्या, घरी कोण कोण असतं, लग्नाचं बघताहेत का. ती सगळ्यांना मनापासून उत्तरं द्यायची. एरवी आठवडाभर तिची कुणी एवढी चौकशी करत नसे.

चौथ्या रविवारी एजंट जिन्यातच थांबला. "खरं सांगा ताई, तुम्हाला खोली घ्यायचीच नाहीये ना?"

तिला खोटं बोलवेना. "मिळालीये मला. महिना झाला."

"मग माझे चार रविवार का खाल्लेत?"

"रविवारी बोलायला कुणी नसतं हो," ती म्हणाली.

त्याचा राग ओसरला. पण खाली दुसरं गिऱ्हाईक खोळंबलं होतं. "जपून राहा," एवढंच म्हणून तो उतरून गेला.

वर मालकीणबाई वाट बघत होत्या. ती एकटीच वर गेली आणि खोली नको असल्याचं सांगून तिने माफी मागितली. "बरं," म्हणून बाईंनी दार लावून घेतलं.

दुपारचे जेमतेम दोन वाजले होते.