मीठवाली माशी

गळ्याची शपथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझे उरलेले दातही पडोत.

जपानातल्या किसोच्या डोंगरात किंजुरो म्हणून एक माशीवेडा होता. जन्मभर जाळी घेऊन रानोमाळ हिंडला. ध्यास एकच, कुणी न पाहिलेली एक तरी जात सापडावी, तिला आपलं नाव लागावं. नाही सापडली. गेला बिचारा तसाच. त्याच्या माश्यांची चित्रं काढून काढून बायको त्सुयानो मात्र त्याच्याहून तरबेज झाली.

ओबोनची दुपार. पितर घरी यायचे दिवस. त्यांना बसून यायला म्हणून त्सुयानोनं काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा मांडला होता. बघते तर घोड्यावर शिकारी माशी! मधमाशी पायांत आवळून, सोंड खुपसून चोखतेय. या माशीच्या तोंडावर केसांची दाढी असते, पिवळी. हिची पांढरी चमकली.

त्सुयानोनं झटकन तिच्यावर काचेचा पेला उपडा घातला, विषाची बाटली काढली. मारून टाचणीवर टोचल्याशिवाय नवी जात कोण मानतो?

"वहिनी, ओबोनात जीव घेतेस?" नणंद मासू ओरडली. "दादाच आला असेल तर?"

"वन्सं, त्यांचं नाव लावायची एवढी एकच संधी आहे. गप्प बसा."

भिंगातून बघू लागली. दोन डोळ्यांमधे खळगा, आहे. पायांवर राठ काटे, आहेत. शेपटीला पांढरा झुपका, म्हणजे नर. बुडाला मीठ लागल्यासारखं दिसतं, म्हणून आमच्याकडे हिला मीठवालीच म्हणतात.

"मीठच ते," मासू म्हणाली. "भूत शिरू नये म्हणून स्मशानातून आल्यावर दारात फेकलं होतंस ना? बसलं दादाच्या बुडावर!"

त्सुयानो हसली नाही. दाढी उजवीकडे पांढरीशुभ्र. तिनं पेला फिरवला. डावीकडे पिवळी.

"मग झाली की नवी जात!"

"नाही." त्सुयानोनं भिंग खाली ठेवलं. "माशीच्या दोन्ही बाजू सारख्या असतात, वन्सं. अशी अर्धी दाढी कुठल्या जातीला नसते. ओठाच्या डाव्या कोपऱ्यात चिलीम धरणाऱ्याला असते."

किंजुरोची दाढी पिकली, पण चिलमीच्या धुरानं डावी बाजू शेवटपर्यंत पिवळीच होती.

माशी चोखायची थांबली. काचेला पाय टेकून बघत राहिली.

"अहो," त्सुयानो हळूच म्हणाली, "नाव हवं की सुटका?"

माशीनं मधमाशी टाकून दिली.

त्सुयानोनं बाटलीला बूच लावलं. पेला उचलला. माशी उडाली नाही, तिच्या अंगठ्यावर चढली. एवढा उकाडा, आणि पाय बर्फासारखे गार. बराच वेळ बसली. मग उन्हात गेली, ती गेलीच. नाव राहिलं ते राहिलंच.

बरं, एक लबाडी केली. मासू नणंद नव्हती, शेजारीण होती. खरी नणंद असती, तर तिनं आधी त्सुयानोलाच पेल्याखाली घातलं असतं.