वान्कायोची गाडी

नेमेसिओने काचेवरून नख फिरवलं. उजव्या कोपऱ्याजवळ ते किंचित अडलं, तसा त्याचा चेहरा खुलला. ओरखडा होता. बारीकसा, पण होता. त्याने खिशातली वही काढून लिहिलं : काच, वजा शंभर.

"ती काच माझ्या सिक्स्तोने पाठीवरून तीन मजले चढवली होती," छपाईच्या दुकानाची मालकीण दोन्या आल्बीना म्हणाली.

"तरीच. ओरखडा तेव्हाच पडला असणार."

ती हसली नाही, रागावलीही नाही. कॉफीचा कप तिने त्याच्या हाताशी सरकवला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. लिमाच्या गामारा या कापडबाजारातली ही इमारत तळमजल्यापासून गच्चीपर्यंत शर्ट, चड्ड्या आणि शाळेचे गणवेश यांनी ठासून भरलेली. लिफ्ट होती, पण ती कापडाच्या गठ्ठ्यांसाठी. माणसांनी जिने चढायचे. नेमेसिओ ताकुरीला त्याचं काही नव्हतं. छपाईची जुनी यंत्रं विकत घ्यायची, नवी गळ्यात मारायची, यात त्याची अठरा वर्षं गेली होती. दुसऱ्याच्या वस्तूतली खोट हुडकण्यात त्याचा हात धरणारं लिमात कुणी नाही असं लोक म्हणत. तो स्वतःही म्हणे.

आजचं गिऱ्हाईक सोपं होतं. दिवाणाएवढी लोखंडी पेटी, वर काच, पोटात मोठा दिवा. चौकटीवर ताणलेल्या जाळीला, म्हणजे स्क्रीनला, इमल्शनचा लेप द्यायचा, काचेवर चित्राची फिल्म आणि तिच्यावर ही स्क्रीन ठेवायची आणि खालून उजेड पाडायचा. उजेड लागेल तिथे लेप कडक होतो, चित्राखालचा पाण्याने धुऊन जातो आणि त्या मोकळ्या जागेतून शाई शर्टावर उतरते. सगळी मेख उजेड किती वेळ द्यायचा यात. कमी पडला की लेप सुटून येतो, जास्त झाला की बारीक ठिपके बुजतात.

आल्बीनाचे ठिपके बुजत होते. निदान न्याउपारी तसं म्हणत होता. हा न्याउपारी फुटबॉल संघांचे शर्ट शिवायचा आणि तिचं निम्म्याहून जास्त काम त्याच्याकडून यायचं. शुक्रवारपर्यंत नवा दिवा आण, नाहीतर मी दुसरीकडे जातो, असं त्याने सांगून टाकलं होतं. एलईडीची नवी पेटी तीन हजार सोलची. आल्बीनाजवळ अठराशे होते. जुन्या पेटीचे बाराशे आले तर दुकान चालणार, नाहीतर शटर ओढायचं. हे तिने नेमेसिओला आल्या आल्या सांगून टाकलं होतं. बाई भोळी आहे, त्याला वाटलं. सौदा करायच्या आधी कुणी आपली नड सांगतं का?

त्याने झाकणाचं रबर दाबून पाहिलं. कडक झालं होतं, वजा शंभर. दिवा एकोणीस वर्षांचा. या जातीचा बल्ब मिळेनासा होऊन जमाना झाला, वजा तीनशे. मग तो टायमरपाशी आला. काटा चारवर अडकलेला, वर बोटभर धूळ.

"हा कधीपासून बंद आहे?"

"घेतला त्याच्या दुसऱ्या महिन्यापासून."

नेमेसिओने वहीतून डोकं वर काढलं. "मग उजेड मोजता कशाने? मोबाइलवर?"

"तोंडाने मोजते."

तोंडाने! न्याउपारीची चूक नव्हती तर. नेमेसिओला आतून बरं वाटलं. वजा दोनशे लिहिण्याआधी बाईला तिच्याच डोळ्यांनी दाखवून द्यावं, म्हणजे पुढे घासाघीस करायला तोंड उरणार नाही. त्याने पाकिटातून तपासणीची पट्टी काढली. वीतभर फिल्म, तिच्यावर फिकट करड्यापासून काळ्याकुट्टपर्यंत एकवीस घरं, कडेला बारीक ठिपक्यांची रांग. धुतल्यावर लेप सातव्या घरापर्यंत टिकला तर उजेड अचूक. भल्याभल्या कारखान्यांत त्याने चार पाहिले होते, दहा पाहिले होते. पहिल्या फटक्यात सात त्याने हातांच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा पाहिले असतील.

आल्बीनाने काळ्या कपड्याखालून लेप दिलेली स्क्रीन काढली, पट्टीवर बेतून ठेवली, झाकण लावलं आणि हवा ओढून घेणारा पंप सुरू केला. एक तळहात पेटीच्या अंगावर टेकवून तिने दिव्याचं बटण दाबलं. नेमेसिओने तिच्या नकळत मोबाइलवर वेळ लावली.

तिचे ओठ हलू लागले. आधी त्याला वाटलं, जपमाळ म्हणतेय. कान दिला तेव्हा शब्द कळले.

"वान्कायो. चला वर, वर. कोन्सेप्सिओन. कोंबडी मांडीवर घ्या, आजी. हाउहा. उतरणारे पुढे या..."

बसचे थांबे होते. डोंगरातल्या वान्कायोहून खाली लिमाला येणारी गाडी. ओरोयाला मक्याची कणसं आणि चीज विकणाऱ्या बाया चढल्या, उतरल्या. तिक्लिओच्या खिंडीत गाडी उभी राहिली, हवा विरळ आहे, कोकाची पानं चघळा म्हणून सगळ्यांना बजावून झालं. मग कासापाल्का, सान मातेओ, मातुकाना, चोसिका. अधूनमधून अशी नावं, जी त्याने कधी ऐकली नव्हती : पिवळा पूल, टायरवाल्याचं घर, दोन निलगिरी. शेवटी ती म्हणाली, "वितार्ते. सामान बघून उतरा," आणि तिने दिवा बंद केला.

अकरा मिनिटं बारा सेकंद.

मोरीत तिने फवारा मारला. लेप वितळून खाली ओघळला आणि पट्टीची घरं एकेक करून दिसू लागली. नेमेसिओ वाकला. मोजलं. चष्मा पुसून परत मोजलं. सात.

निव्वळ योगायोग, तो मनात म्हणाला. आंधळ्याचाही दगड कधी नेमका लागतो.

"अजून एक करा."

तिने दुसरी स्क्रीन काढली, बोटाच्या मागच्या बाजूने लेपाला हलकेच शिवून पाहिलं आणि पुटपुटली, "हिचा थर जाड बसलाय." या वेळी तिक्लिओला बर्फ होतं. गाडी बराच वेळ खोळंबली, ड्रायव्हर खाली उतरून चाकं बघून आला. वितार्ते आलं तेव्हा नेमेसिओच्या मोबाइलवर बारा मिनिटं चाळीस सेकंद झाले होते. म्हणजे दीड मिनिटाचा फरक. आता सापडली, असं म्हणत तो मोरीपाशी तिच्याआधी जाऊन उभा राहिला.

सात.

नेमेसिओने जर्मन यंत्रं पाहिली होती, उजेड स्वतः मोजणारी, माणसाला जवळ फिरकू न देणारी. अशा यंत्रांची किंमत सांगताना त्याचा आवाज आपोआप खाली यायचा. इथे जाड थर कळावा बोटाला, आणि त्याचा हिशोब व्हावा खिंडीतल्या बर्फात. देवळात काढावी तशी त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि मग ती कुठे ठेवावी हे त्याला सुचेना.

"कुणी शिकवलं हे?"

सिक्स्तोने, ती म्हणाली. तिचा नवरा बारा वर्षं त्या गाडीवर कंडक्टर होता. त्याच गाडीतून तो तिला पळवून घेऊन आला, तेव्हा ती सतरा वर्षांची. टायमर बिघडला तेव्हा दुरुस्तीला पैसे नव्हते. मग तो पेटीवर हात ठेवून थांबे पुकारायला लागला आणि ती ऐकून ऐकून शिकली. सुरुवातीला गाडी जलद होती, चार मिनिटांत लिमा. पण दिवा म्हातारा होत गेला. लेप सैल वाटला की एक थांबा वाढवायचा, असं त्याने ठरवून दिलं. तीन वर्षांपूर्वी तो गेला. त्यानंतरचे थांबे तिने वाढवले.

नेमेसिओने न्याउपारीने परत पाठवलेली स्क्रीन मागितली आणि डोळ्याला भिंग लावून पाहिली. मग त्यासोबतची फिल्म खिडकीशी धरली. बाहेर लिमाचं हिवाळी आभाळ गाढवाच्या पोटासारखं करडं होतं, आणि फिल्मवरचे ठिपकेही तसेच करडे. काळे हवेत, तर करडे. त्यातून उजेड झिरपणार नाही तर काय होणार?

त्याने फिल्म खाली ठेवली. तीन हजारांची विक्री समोर होती, तोंड बंद ठेवलं की झाली. अठरा वर्षांत अशा वेळी ते बंद ठेवायला त्याला कधी कष्ट पडले नव्हते.

"दोन्या, तुमच्या दिव्याचा दोष नाही. न्याउपारी फिल्म स्वस्तातली काढतो. त्याला सांगा. नवी पेटी घेऊ नका."

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे? मग मला जिने चढायला कशाला लावलं?"

आल्बीनाने काचेवरचा नसलेला धुरळा पदराच्या टोकाने पुसावा तसा एप्रनने पुसला.

"दिवा अजून उतरतोय. गेल्या महिन्यात दोन निलगिरी घातल्या. पुढच्या महिन्यात परत लेप सैल वाटणार. पण रस्त्यावर आता गावच उरलं नाही, पोरा. पेट्रोल पंपसुद्धा सगळे झाले. खोटं गाव मी कसं घालू? त्याच्या गाडीत?"

नव्या पेटीत किती वेळ लागेल, असं तिने विचारलं. पन्नास सेकंद, त्याने सांगितलं.

"म्हणजे वान्कायोच्या स्टँडवरून गाडी हललीही नसेल," ती म्हणाली.

त्याने वही उघडली. टायमर, वजा दोनशे, एवढं लिहायचं राहिलं होतं. त्याने ते लिहिलं नाही. वरच्या रेघाही खोडल्या आणि खाली मोठ्या आकड्यात बाराशे लिहून वही तिच्यापुढे धरली. तिने वाचलं आणि सरळ सांगितलं की टायमर ती स्वतः आहे, ती काही पेटीबरोबर जाणार नाही. उगाच फसू नकोस. धंद्याला काळं फासायची मला आज हौस आलीय, असं काहीतरी पुटपुटत त्याने पाना काढला. नवी पेटी गुरुवारी येणार होती, पण जुना दिवा तो आत्ताच उतरवून नेणार होता.

"थांब. एक शेवटची करू दे," आल्बीना म्हणाली.

पट्टी तीच, स्क्रीन पहिलीसारखीच, पातळ थराची. तिने पेटीवर हात ठेवला, दिवा लावला आणि म्हणाली, "वितार्ते. वान्कायोवाले चढा."

गाडी उलटी निघाली होती. चोसिका. मातुकाना. नेमेसिओने वेळ लावली नाही. तो पाना हातात धरून ऐकत राहिला. तिचे वडील जिवंत असताना वान्कायोला तोंड दाखवायची सोय नव्हती, आणि वडील गेल्यावर पुढच्या वर्षी जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ असं सिक्स्तो म्हणत राहिला, हे तिने मघाशी सांगितलं होतं. या काचेवर ती दिवसाला दहादा लिमात पोचत होती, परत मात्र एकदाही गेली नव्हती. सान मातेओनंतर ती अडखळायला लागली. उलट्या बाजूने तिने ही नावं कधी म्हटलीच नव्हती.

"कासापाल्का," ती म्हणाली, आणि तिचे ओठ नुसतेच हलले.

"तिक्लिओ," नेमेसिओ हळूच म्हणाला. "कोका चघळा."

"तिक्लिओ," ती म्हणाली. पुढे ओरोया, हाउहा, एकेक सावकाश. कोन्सेप्सिओनला गाडी उगाचच थांबली. शेवटी "वान्कायो" म्हणून तिने दिवा बंद केला, पण हात पेटीवरच राहिला.

धुतल्यावर नेमेसिओनेच घरं मोजली. नऊ. पट्टीच्या कडेचे बारीक ठिपके पार बुजले होते.

"जास्त झालं," तो म्हणाला.

"होणारच," आल्बीना म्हणाली. तिने ओला हात एप्रनला पुसला आणि स्क्रीन खिडकीच्या उजेडात धरली. "घरी जाताना सगळा चढ आहे."